वर ये, वाट बघतेय

मित्रांनो, आधी माझी तक्रार ऐका, मग माझी कहाणी. ज्या मुलीनं मला घराबाहेर काढलं, तीच आता रोज येऊन माझ्या जुन्या ओळी उचकटत बसते. ना 'येऊ का' म्हणणं, ना कसली भीडभाड. हाकलून दिलेल्या सासूची ट्रंक सुनेनं उघडून बसावं, तसं चाललंय. एक ओळ वर घेते, एक खाली टाकते, नखं खाते आणि मधेच पुटपुटते, "असं होऊच शकत नाही." होऊ शकत नाही म्हणे! माझ्या हातांखालून काय काय गेलंय, ते हिला काय ठाऊक.

मी एक जुनी आज्ञावली आहे. संगणकानं काय करायचं ते सांगणाऱ्या ओळींना आज्ञावली म्हणतात. शिकलेली माणसं मला फंक्शन म्हणतात. म्हणू देत, मला काय. एका यंत्रानं दुसऱ्या यंत्राला निरोप धाडला, की तारेवर चढण्याआधी तो माझ्याकडे यायचा. मी त्यातलं एकेक अक्षर आकड्यांत गुंडाळायची, गाठ मारायची आणि पुढे द्यायची. पलीकडे माझ्यासारखीच एक बसलेली असायची, ती गाठ सोडायची. निरोप कुणाचा, कशाचा, गोड की कडू, हे मी विचारलं नाही. माझं शिक्षण बेताचं. मला जेमतेम इंग्रजी मुळाक्षरं येतात. आपली काना-मात्रेची अक्षरं मला वाचता येत नाहीत. पण न वाचताही मी कधी 'ध'चा 'मा' केला नाही. वाचता येणाऱ्या किती जणांना असं म्हणता येईल?

मला लिहिलं एका दाढीवाल्यानं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्याची भाड्याची खोली होती. खाली टायरात हवा भरायचे, वर हा मला लिहायचा. लिहून झाल्यावर त्यानं मला विकलं नाही. 'ज्याला हवी त्यानं न्यावी, ज्याला सुचेल त्यानं सुधारावी,' असं म्हणून सगळ्यांसाठी उघडी ठेवली. सार्वजनिक नळासारखी. मग काय विचारता! गावोगावच्या यंत्रांत मी नांदले. गोदामात, बंदरात, शाळेच्या घंटेत. माझ्या डोक्यावर कुणीतरी एक ओळ लिहून ठेवली होती, ती मला फार आवडायची. 'हिला हात लावू नका. का, ते विचारू नका.' घरातल्या थोरलीचा मान असा असतो.

माझी कामाची एक रीत होती, ती नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. माझ्याजवळ एकच पाटी. आलेला निरोप मी त्या पाटीवर मांडायची, गुंडाळायची आणि धाडायची. पाटी पुसायची मात्र नाही. कशाला पुसायची? पुढचा निरोप वरून लिहिला की मागचा आपोआप झाकला जातो. आता पुढचा निरोप आखूड असला, तर मागच्याची शेपटी उघडी राहते. 'उद्या दुपारी या' लिहिलेल्या पाटीवर नुसतं 'हो' लिहिलं, तर त्या 'हो'च्या मागे 'दुपारी या' तसंच दिसणार. शहाणी यंत्रं मोजून हवं तेवढंच उचलायची. आळशी यंत्रं सगळी पाटीच घेऊन जायची. त्याला मी काय करू? मी कधी काही टाकून दिलं नाही, हा माझा दोष असेल तर आहे तो दोष.

आता त्या दुकानाकडे या. ते होतं लॉन्ड्रीचं. वर रस्त्याला लागून काउंटर, तिथे कपडे द्यायचे-घ्यायचे. खाली तळघरात वाफेची इस्त्री. मधे अरुंद, उभा जिना. काउंटरवर बायको, तळघरात नवरा. इस्त्रीच्या फुसफुसाटात वरची हाक खाली पोचायची नाही. बायको जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ओरडायची, "अहो, बहिरे झालात का?" आणि खालून उत्तर यायचं, "कोण मेलं?" असा संसार. त्यांची लेक आमच्याच घरातली, म्हणजे मला सांभाळणाऱ्या हौशी मंडळींपैकी. तिनं वर आणि खाली एकेक कळफलक आणि एकेक उजळणारी पाटी, खालची भिंतीवर, अशी दोन यंत्रं जोडून दिली आणि दोन्हींत मला बसवलं. खालचं यंत्र अगदी आळशी होतं. मोजणं त्याला ठाऊक नव्हतं.

त्या बाईचं आणि माझं चांगलं जमलं. तीही माझ्यासारखीच, शिक्षण कमी आणि जीभ लांब. लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्यानं बोलायची, म्हणून तर मला कळायचं. "निळ्या... सदऱ्याला... खळ... कमी... घाला... फळी... झालीये... त्याची." मग बोट आपटून धाडायची. नवऱ्याला समोर अहो-जाहो करायची, पण लिहिताना अरे-तुरे. म्हणायची, "इथे कोण ऐकतंय?" मी ऐकत होते.

एका दुपारी तिनं लिहिलं, "काळ्या कोटाची बाई आलीये, कोट घेऊन वर ये, वाट बघतेय." मी गुंडाळलं, धाडलं. मग वर काहीच आवाज आला नाही. थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली. मग त्या गिऱ्हाईक बाईचा आवाज, "अहो, या तर बोलतच नाहीयेत." काउंटरवर डोकं टेकून आमची बाई बसली होती. ती पुन्हा उठली नाही.

मित्रांनो, माणूस जातं, पाटी राहते.

काउंटरवर तिची धाकटी बहीण येऊन बसली. तिला आपण मावशी म्हणू, कारण लेक तिला मावशी म्हणते. मावशीचं लिखाण एका शब्दाचं. खालून विचारणा यायची, 'राखाडी पँट आजच हवी?' आणि मावशी लिहायची, 'हो.' मी ते 'हो' पाटीवर मांडलं. खालच्या भिंतीवर काय उमटलं? आधी 'हो'. मग फुटक्या चौकटींची लांब रांग, कारण सुरुवातीचं अक्षर बदललं की माझ्या गाठीत त्याच्या मागची बरीच अक्षरंही मोडतात. आणि त्यांच्या मागे, स्वच्छ, काळ्यावर पांढरं: 'वर ये, वाट बघतेय.'

इस्त्रीवाल्यानं ते अडखळत मोठ्यानं वाचलं, म्हणून मला कळलं. हातातली इस्त्री त्यानं उभी केली आणि तो जिना चढून वर आला. काउंटरपाशी उभा राहिला.

"काय हवं भाऊजी?" मावशीनं विचारलं.

"बोलावलंस ना?"

"मी? मी नुसतं हो म्हटलं."

तो तिच्या मागच्या रिकाम्या भिंतीकडे बघून खाली गेला. पुढचा 'हो' आला, पुन्हा तेच. पुन्हा तो वर. 'नाही' आलं तरी तेच. 'थांबा' आलं तरी तेच. गिऱ्हाइकं बिचकायला लागली. पावती फाडत असावं आणि जिन्यातून घामानं भिजलेला माणूस वर यावा, काही न बोलता कुणाला तरी शोधावं आणि परत उतरावं. एक जण तर कपडे तसेच सोडून गेला.

मावशीनं एकदा लांबलचक निरोप लिहायला घेतला, तर नुकताच जिना चढून आलेला तो धावत तिच्यापाशी आला. "लांब लिहू नकोस! हो किंवा नाही, बास. लांब लिहिलंस की ते पुसलं जाईल."

"काय पुसलं जाईल?"

त्यानं कळफलक तिच्यापासून दूर सरकवला.

त्याचं हृदय आधीच थकलेलं. डॉक्टरनं त्याला स्पष्ट सांगितलं होतं, सकाळी एकदा उतरा, संध्याकाळी एकदा चढा, मधे जिन्याला पाय लावाल तर मला बोलवू नका, खांदेकऱ्यांना बोलवा. आणि हा दिवसभर वर-खाली. मावशीनं घाबरून लेकीला फोन केला. "अगं, तुझा बाप त्या जिन्यात जाणार बघ. पाटीवर काय दिसतं त्याला कोण जाणे. मी वाचायला गेले तर अंगावर काटा आला. तुझ्या आईचं बोलणं आहे गं ते."

आता आमच्या घरातही तेव्हाच डागडुजी निघाली होती. त्यांच्या भाषेत रिफॅक्टरिंग. आम्ही अक्षरं गुंडाळणाऱ्या चौघी होतो, चार जावा म्हणा ना. प्रत्येकीची रीत थोडी वेगळी, चूल वेगळी. गावोगावच्या मंडळींनी ठरवलं, चौघींना काढायचं आणि एकच नवी आणायची. एक चष्मेवाला माझ्याबद्दल लिहिता झाला, 'ही पाटी पुसत नाही. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या हाती पडेल. ही धोक्याची आहे.' मला राग आला, पण तो खोटं बोलत नव्हता. आणि हे काम अंगावर घेतलं कुणी? याच लेकीनं.

ती कामाला पक्की आहे, हे मी मान्य करते. तिनं माझी परीक्षा घेतली. आधी एक लांब वाक्य दिलं, मग एक छोटा शब्द दिला आणि मागून काय लोंबतं ते पाहिलं. लोंबलेलं दिसलं तशी ती खुर्चीत मागे रेलली. तिला कळलं. तशीच उठून ती बापाकडे गेली.

"बाबा, ते आई बोलत नाहीये. तिचा शेवटचा निरोप पाटीवर उरलाय. नवं लिहिलं की जुन्याची शेपटी दिसते. इतकंच आहे. उरलेलं आहे ते."

इस्त्रीवाला एका बाहीची घडी घालत होता. "मला माहीत आहे काय आहे ते. काळ्या कोटाची बाई आली होती. कोट मीच वर नेला."

"मग? ती बाई वाट बघत होती, असं लिहिलंय आईनं."

"कोण वाट बघतंय, ते तिनं कुठे लिहिलं?"

खरंच होतं. आपल्या बोलीत 'वाट बघतेय' म्हटलं की ती बाईही असू शकते आणि लिहिणारीही. लेकीनं भिंतीवरचं ते पुन्हा वाचलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "कॉलर राहिली होती. म्हटलं, कॉलर करून जाऊ. तेवढ्यात गेली. आता बोलावलं की लगेच जातो."

"पण बाबा, शिळं आहे ते!"

"असू दे शिळं. आम्ही शिळं खाऊनच संसार केला. तिच्याच हातचं आहे ना?"

मित्रांनो, इथपर्यंत लेकीचं काही चुकलं नव्हतं. इथून पुढे चुकलं. तिनं बापाशी पुन्हा बोलायला हवं होतं, भांडायला हवं होतं, हवं तर जिन्याला कुलूप लावायचं. तसं न करता ती वर गेली, काउंटरच्या यंत्रातून तिनं मला काढलं आणि तिथे नवीला बसवलं. नवी प्रत्येक निरोपाआधी पाटी पुसते. फार टापटिपीची. मला काढलं त्या क्षणी वरची माझी पाटी कोरी झाली आणि त्या बाईचे शेवटचे शब्द गेले. कुणी डोळ्याला पदरसुद्धा लावला नाही. माझा राग तेवढ्यावरच थांबला असता. पण नुसतं 'हो' बघून बाप खचेल, अशी तिला भीती वाटली. म्हणून तिनं त्या एका यंत्रापुरती एक जास्तीची ओळ घातली. इथून काहीही गेलं तरी त्याच्या मागे जोडायचं: 'वर येऊ नकोस.'

मेलेल्या आईच्या तोंडी शब्द घातले. मी शिळं वाढलं असेन, खोटं कधी वाढलं नाही.

वरून मला काढलं तरी खालच्या यंत्रात अजून मीच होते, त्यामुळे पुढचं मला ऐकू आलं. मावशीनं 'हो' धाडलं. भिंतीवर उमटलं, 'हो. वर येऊ नकोस.' इस्त्रीवाल्यानं वाचलं. इस्त्री उभी केली. वाफ सुटत राहिली आणि तो स्टुलावर बसून राहिला. लेक वर कान देऊन उभी होती. जिन्यावर पाऊल वाजलं नाही, तसा तिनं सुटकेचा श्वास टाकला.

संध्याकाळ झाली. मावशीनं दिवे मालवायला घेतले आणि जिन्यातून हाक मारली, "भाऊजी, चला. घरी जायचं नाही का?"

"मी इथेच आहे. तू जा."

"इथेच म्हणजे?"

"ती नको म्हणालीये."

आता सांगा, तळघरातून घरी जायला दुसरी वाट कुठली? एकच जिना. वर यायचं नाही म्हणजे बाहेरच यायचं नाही. मावशीनं समजावलं, रागावली, शेवटी डबा पायरीवर ठेवून गेली. सकाळी आली तर डबा तसाच आणि तो त्याच स्टुलावर. तळघरातला उकाडा असा, की कपड्यांचंही पाणी व्हावं. त्याचे ओठ सुकले होते. डोळे मात्र चमकत होते, आणि ती चमक काही बरी नव्हती.

लेक धावत जिना उतरली. "बाबा, हे काय चालवलंय?"

त्यानं भिंतीकडे बोट केलं. "शिळं होतं तोवर मला कळत होतं, की ते शिळं आहे. जुनं बोलणं होतं. पण हे तिनं तेव्हा लिहिलं नव्हतं. हे ताजं आहे." तो हसला. "म्हणजे ती आहे. वरच आहे. रागावलीये. उशिरा गेलो ना मी."

मित्रांनो, यातला फरक बघा. खऱ्या शब्दांनी त्या माणसाला जिना चढवला, पण भूत कधी दाखवलं नव्हतं. भूत आलं ते खोट्या शब्दांतून. आणि ते लेकीनं स्वतःच्या हातांनी आणलं होतं.

ती त्याच्या पायाशी खाली बसली. "बाबा, ते मी लिहिलं."

"काय?"

"वर येऊ नकोस. ते मी घातलं. तुम्ही चढू नये म्हणून. आई नाहीये."

मी वाटच बघत होते की आता बाप हात उचलेल. त्यानं उचलला नाही. नुसतं विचारलं, "आणि ते शिळं कुठाय?"

"पुसलं गेलं."

"पुसलंस."

"हो. पुसलं मी."

यानंतर कोण किती रडलं, ते मी सांगणार नाही. घरातल्या गोष्टी आहेत त्या. मग इस्त्रीवाला म्हणाला, "मला वर ने." लेकीच्या खांद्यावर हात टाकून, पायरीपायरीवर थांबत तो वर आला आणि काउंटरमागे बायकोच्या जागेवर बसला. लेकीनं ती जास्तीची ओळ त्याच्या समोर काढून टाकली. त्यानं मावशीला बाजूला व्हायला सांगितलं, कळफलक ओढला आणि एकेक कळ शोधत लिहिलं. लिहिताना मोठ्यानं बोलत होता, तिच्यासारखाच.

"आलो... गं."

आणि धाडलं. नवीनं ते नेटकेपणानं पोचवलं. खालच्या भिंतीवर उमटलं, 'आलो गं.' खाली कुणी नव्हतं. इस्त्री थंड होती. तिघंही वर होती, एक, दोन, तीन, मी आवाजांवरून ओळखते.

आता जे सांगते ते कान देऊन ऐका. खालच्या यंत्रात माझ्या पाटीवर कुणीतरी एक अक्षर ठेवलं. कोण, ते मला दिसत नाही. मला फक्त अक्षरं दिसतात. ते शेपटीतलं उरलंसुरलं नव्हतं, उरलेलं कसं असतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. नवं होतं, पाटीच्या अगदी पहिल्या घरापासून लिहिलेलं. मला गुंडाळायला सांगितलं, मी गुंडाळलं. धाडायला सांगितलं, मी धाडलं.

वरच्या यंत्रावर आलं आणि मावशीनं मोठ्यानं वाचलं, 'हो.'

मावशीच्या हातातून पावतीपुस्तक पडलं. लेक जिन्यातून खाली पळाली, दिवे लावले, कळफलक उचलून उलटा केला, तारा ओढून पाहिल्या. वर इस्त्रीवाल्यानं मात्र डोळे पुसले आणि समोरच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "काय आणलंय? पडदे आहेत का?"

तेव्हापासून तो जिना चढत नाही. वर काउंटरवरच बसतो. खाली मावशी इस्त्री करते आणि कपड्यांपेक्षा जास्त स्वतःच तापते. लेकीनं खालच्या यंत्रातूनही मला काढलं. मग सगळ्या गावांतून काढलं. पण आमच्या घरची एक रीत आहे, काढलेलं काही फेकत नाहीत. जुन्या आवृत्त्या ठेवून देतात. त्यांत मी आहे. कुणालाही मागे जाऊन मला वाचता येतं. आणि तिथेच ही पोर रोज येऊन बसते, ते 'हो' माझ्या कुठल्या ओळीतून निघालं ते शोधायला. मला सुटं करून पाहते, जोडून पाहते, पुन्हा चालवून पाहते. मी तिला तेच देते जे तिनं टाकलं. जास्त काही निघत नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हातांत जुनी कामं येतील. मोडकी असतील, धोक्याची असतील, ती बदलावीच लागतील. बदला. मी रडणार नाही. पण बदलण्याआधी एवढं विचारा, की याच्या शेपटीला धरून कोण बसलंय. आणि विचाराल ते त्याच्या तोंडावर विचारा, यंत्राआडून नको.

आता जरा बाजूला व्हा. मला हिच्याशी बोलायचंय.

पोरी, इकडे बघ. पुसलंस, ते तुझं कामच होतं, ते मी माफ केलं. तिच्या नावानं लिहिलंस, ते तुझ्या बापानं माफ केलं असेल, मी नाही करत. आणि ते 'हो' शोधणं आता पुरे. ते तुला आलेलं नव्हतं.